टीईटी कोणाला लागते, कोणाला नाही आणि कागद कोणत्या क्रमाने लावायचे

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत शिक्षक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी किंवा असलेली नेमणूक टिकवण्यासाठी एकच एक परवाना दाखवून भागत नाही. पदविका वा पदवी, पात्रता परीक्षा, गुणवत्तेची चाचणी आणि शेवटी शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता अशी ही साखळी आहे आणि तिची एक कडी चुकली की पुढच्या साऱ्या अडकतात. गेल्या काही वर्षांत ज्या फायली माझ्या नजरेखालून गेल्या, त्यांतील बहुतेक अडचणी अभ्यास कमी पडल्यामुळे आलेल्या नव्हत्या. चुकीचा पेपर दिलेला होता, ‘आपल्याला सूट आहे’ या ऐकीव माहितीवर विसंबून वर्षे घालवलेली होती किंवा कागद उलट क्रमाने गोळा केलेले होते. सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा लागू ठरवणाऱ्या सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेले शिक्षकही याच गोंधळात सापडले आहेत. म्हणून खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने तपासावेत.

आधी दोन नावे वेगळी करा

शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी म्हणजे टीएआयटी. वर्तमानपत्रांत आणि शिक्षकांच्या बोलण्यात दोन्हींना सर्रास ‘टेट’ म्हटले जाते आणि चुकांची सुरुवात नेमकी तिथे होते. टीईटी ही उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवणारी पात्रता परीक्षा आहे. टीएआयटीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते, तिच्या गुणांवरून भरतीची गुणवत्ता यादी लागते. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला नव्याने नेमणूक हवी असेल तर दोन्ही लागतात, नववीपासून पुढे टीएआयटी लागते. आधीच सेवेत असलेल्या शिक्षकाचा प्रश्न टीईटीपुरता असतो. या लेखात पुढे ‘टेट’ हा शब्द कुठेही वापरलेला नाही आणि आपणही अर्जात, पत्रव्यवहारात तो वापरू नये.

टप्पा १: आपण कोणत्या वर्गांसाठी शिक्षक आहात ते ठरवा

कायदा शाळेच्या पाटीकडे पाहत नाही, वर्गाकडे पाहतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २३ नुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान अर्हता ठरवली. पहिली ते पाचवी हा एक गट आहे आणि सहावी ते आठवी हा दुसरा. नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे गट या अधिसूचनेच्या बाहेर आहेत.

आपल्याकडे बहुतेक हायस्कुले पाचवी ते दहावी किंवा आठवी ते दहावी अशी चालतात. त्यामुळे ‘मी माध्यमिक शाळेत आहे, मला टीईटी कशाला?’ असे म्हणणारे शिक्षक सर्वत्र भेटतात. नेमणूक आदेशात आणि संच मान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर झालेल्या शिक्षकपदांच्या यादीत, आपले पद कोणत्या गटात दाखवले आहे ते पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. आपण प्रत्यक्षात दहावीला गणित शिकवत असाल, पण मंजूर पद सहावी ते आठवीच्या गटातील असेल, तर पात्रता त्या पदाची पाहिली जाईल.

*तपासा:* नेमणूक आदेशाची प्रत, वैयक्तिक मान्यतेचे पत्र (शिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्या नेमणुकीला दिलेली मान्यता) आणि चालू वर्षाची संच मान्यता हे तीन कागद शेजारी ठेवा. तिन्हींत पद आणि गट एकच दिसत नसेल, तर टीईटीचा अर्ज भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून लेखी खुलासा घ्या.

टप्पा २: शैक्षणिक आणि व्यावसायिक अर्हता जुळते का ते पाहा

टीईटी उत्तीर्ण झाल्याने मूळ अर्हतेतील उणीव भरून निघत नाही. पहिली ते पाचवीसाठी प्रमुख मार्ग म्हणजे बारावीला किमान ५० टक्के गुण आणि दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, जिला आपण अजूनही सवयीने डी.एड. म्हणतो. पदवी आणि डी.एल.एड. असाही मार्ग आहे. सहावी ते आठवीसाठी पदवी व डी.एल.एड. किंवा किमान ५० टक्के गुणांसह पदवी व बी.एड. हे रूढ मार्ग आहेत. चार वर्षांच्या एकात्मिक पदव्या आणि विशेष शिक्षणातील पदविका-पदव्या यांनाही अधिसूचनेत जागा आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांच्या अटीत ५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते.

इथे दोन बाबतींत सर्वाधिक घोटाळा होतो.

पहिली बाब बी.एड.धारकांची. एनसीटीईने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते, मात्र नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी हा मार्ग बंद केला. पुढे ८ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की ११ ऑगस्ट २०२३ पूर्वी झालेल्या नियमित नेमणुकांना या निकालाचा धक्का लागणार नाही. याचा अर्थ असा की आज नव्याने येणाऱ्या उमेदवाराने केवळ बी.एड.च्या जोरावर पेपर १ देऊन पाचवीपर्यंतच्या पदाची आशा धरू नये. जे त्या तारखेपूर्वी नेमले गेले आहेत, त्यांनी सेतू अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागले आहे की नाही ते पाहावे.

दुसरी बाब राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, १८ महिन्यांच्या डी.एल.एड. पदविकेची. ही पदविका सेवेत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना एकदाच दिलेली संधी होती. १० ऑगस्ट २०१७ रोजी जे सेवेत होते आणि ज्यांनी १ एप्रिल २०१९ पूर्वी ती पूर्ण केली, त्यांच्यापुरती ती दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची धरली जाते. त्या वेळी सेवेत असल्याचा पुरावा फायलीत नसेल, तर नुसत्या गुणपत्रिकेवर काम होत नाही.

*सावधान:* एका परीक्षेचे गुण जास्त आहेत म्हणून दुसऱ्या परीक्षेच्या गुणांकडे दुर्लक्ष करू नका. अट ज्या परीक्षेच्या गुणांची आहे, त्याच परीक्षेची गुणपत्रिका पडताळणीत पाहिली जाते.

टप्पा ३: सेवेत असाल तर टीईटीतून सूट मिळते का हा प्रश्न तारखांवरून सोडवा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला वेळ द्या. कोरा कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा: पहिल्या नियमित नेमणुकीची तारीख, जन्मतारीख, नियत वयोमानानुसार निवृत्तीची तारीख आणि शाळेचा दर्जा, म्हणजे ती अल्पसंख्याक आहे की नाही. ‘अमुक शिक्षकाला सूट मिळाली, मग मलाही मिळेल’ या वाक्याला या कागदावर जागा नाही.

जुना समज कुठून आला तेही समजून घ्यायला हवे. एनसीटीईच्या २०१० च्या अधिसूचनेतच एक परिच्छेद होता, ज्यानुसार अधिसूचनेच्या तारखेपूर्वी त्या वेळच्या नियमांप्रमाणे नेमलेल्या शिक्षकांना नवी किमान अर्हता मिळवण्याची गरज नव्हती. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने टीईटी बंधनकारक केली आणि तेव्हापासून ‘१३ फेब्रुवारी २०१३ पूर्वीचे सुटले, नंतरचे अडकले’ हे सूत्र शिक्षकांच्या तोंडी बसले. अनेक वर्षे कार्यालयेही त्याच सूत्राने चालली. आज त्या सूत्रावर विसंबणे धोक्याचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणासह अनेक अपिलांवर एकत्रित निकाल देताना, पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटी लागू असल्याचे ठरवले. शिक्षण हक्क कायद्यापूर्वी नेमलेले शिक्षकही त्यातून सुटले नाहीत. मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकार वापरून न्यायालयाने त्यांच्यासाठी काही सवलती दिल्या. त्या पुढीलप्रमाणे वाचाव्यात.

अ) निकालाच्या तारखेला ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली होती, ते टीईटी न देता निवृत्तीपर्यंत सेवेत राहू शकतात. पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागेल. जन्मतारीख २० जून १९७० असलेल्या शिक्षिकेचे उदाहरण घ्या. वयाच्या ५८ व्या वर्षी, म्हणजे ३० जून २०२८ रोजी, त्या निवृत्त होतील. उरलेली सेवा तीन वर्षांहून कमी असल्याने उपशिक्षक पदावर त्या सुरक्षित आहेत. त्यांना मुख्याध्यापकपद हवे असेल, तर हीच सूट उपयोगाची नाही.

आ) कायद्यापूर्वी नेमलेले आणि पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेले शिक्षक यांना निकालापासून दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले आहे. ही मुदत ऑगस्ट २०२७ अखेर संपते. मार्च १९७६ मध्ये जन्मलेला आणि २००२ पासून सेवेत असलेला शिक्षक या गटात येतो.

इ) या मुदतीत उत्तीर्ण न झालेल्यांना सेवा सोडावी लागेल किंवा त्यांना सक्तीने निवृत्त करता येईल. त्यांचे निवृत्तिलाभ मिळतील, पण त्यासाठी आवश्यक तेवढी अर्हताकारी सेवा, म्हणजे निवृत्तिलाभांसाठी धरली जाणारी सेवा, झालेली असली पाहिजे. ती कमी पडत असेल, तर शिक्षकाने निवेदन दिल्यावर विभागाला त्याचा विचार करता येईल.

ई) अल्पसंख्याक शाळांच्या बाबतीत न्यायालयाने प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. २०१४ च्या घटनापीठाच्या निकालाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नसल्याचे ठरले होते आणि त्याचाच फेरविचार व्हावा का, हा तो प्रश्न आहे. इथे एक गोष्ट विसरू नये: ही सूट संस्थेच्या दर्जाला चिकटलेली आहे, शिक्षकाच्या नावाला नाही. अल्पसंख्याक शाळेतील शिक्षक पद कमी झाल्याने अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजित झाला, तर तो ही सूट बरोबर नेईल असे गृहीत धरता येत नाही. अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र संस्थेकडे खरोखर आहे का, कोणत्या तारखेपासून आहे आणि आपली शाळा त्यात नावाने आली आहे का, हे प्रत हातात घेऊन पाहा.

कायदा लागू झाल्यानंतर टीईटीशिवाय नेमले गेलेल्यांची स्थिती वेगळी आणि अधिक नाजूक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्या अपात्र शिक्षकांना अर्हता मिळवण्यासाठी दिलेली मुदत ३१ मार्च २०१९ रोजी संपली. वरील दोन वर्षांची सवलत न्यायालयाने कायद्यापूर्वीच्या शिक्षकांचा स्पष्ट उल्लेख करून दिली आहे, म्हणून ती आपल्यालाही आपोआप मिळेल असे या गटाने धरू नये. आपली नेमणूक, मान्यता आणि टीईटी उत्तीर्ण झाल्याची तारीख हे तिन्ही कागद घेऊन त्यांनी सेवाविषयक कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला वेळेत घ्यावा.

*सावधान:* या निकालाविरुद्ध राज्य सरकारे आणि शिक्षक संघटना पुनर्विलोकनासाठी न्यायालयात गेल्या आहेत. त्याची बातमी वाचून अभ्यास थांबवू नका. निर्णय काहीही लागला तरी उत्तीर्ण झालेल्या टीईटीचे नुकसान कोणालाही होत नाही, पण वाट पाहण्यात गेलेली परीक्षा परत येत नाही. नवा न्यायालयीन आदेश किंवा शासन निर्णय निघाला आहे का, हे मात्र प्रत्येक अर्जापूर्वी मूळ प्रत मिळवून पाहा. समाजमाध्यमावर फिरणारे, जावक क्रमांक नसलेले पत्र हा आदेश नव्हे.

टप्पा ४: पेपर निवडा आणि अर्ज भरा

पहिली ते पाचवीसाठी पेपर १ आणि सहावी ते आठवीसाठी पेपर २. एका पेपरचे प्रमाणपत्र दुसऱ्या गटाला चालत नाही. दोन्ही गटांची अर्हता असेल तर माझा आग्रह दोन्ही पेपर देण्याचा आहे, विशेषतः उपशिक्षक म्हणून सेवेत असून पुढे पदवीधर शिक्षकपदाची वाट पाहणाऱ्यांनी. संच मान्यतेत पदे बदलतात, शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि तेव्हा दुसरे प्रमाणपत्र हाताशी असणे फार मोलाचे ठरते.

दोन्ही पेपर १५० प्रश्नांचे, १५० गुणांचे आणि अडीच तासांचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पेपर १ मध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा १, भाषा २, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण आहेत. पेपर २ मध्ये पहिले तीन घटक तसेच राहतात आणि उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एका विकल्पाचे असतात.

या विकल्पावर थांबा. गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्याने गणित-विज्ञान आणि इतिहास-भूगोल शिकवणाऱ्याने सामाजिक शास्त्रे हाच विकल्प घ्यायचा असतो. भाषा शिक्षकाला दोन्हींपैकी कोणताही एक घेता येतो. माझ्यासमोर आलेल्या एका फायलीत शिक्षकाने सामाजिक शास्त्रे सोपी जातील म्हणून तो विकल्प घेतला होता, १०० च्या वर गुणही मिळवले होते, आणि त्याची पदवी व मंजूर पद दोन्ही विज्ञानाची होती. प्रमाणपत्र खरे होते, पण त्या पदासाठी निरुपयोगी होते आणि त्याला पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावे लागले.

भाषा १ ही ज्या माध्यमातून शिकवायचे ते माध्यम लक्षात घेऊन निवडावी. उर्दू, कन्नड, गुजराती अशा माध्यमांच्या शाळांतील शिक्षकांनी घाईत भाषांची अदलाबदल करू नये.

अर्ज महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. त्यापूर्वी पुढील तयारी करावी.

१. दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवून नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर तशीच भरा. आडनाव वाघमोडे असेल आणि एका कागदावर त्याचे इंग्रजी स्पेलिंग डब्ल्यूने, तर दुसऱ्यावर व्हीने असेल, तर पडताळणीत एवढ्यावरही प्रतिज्ञापत्र मागितले जाते.

२. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी सर्व कागद एका नावाचे आहेत का ते पाहावे. नसतील तर राजपत्रातील नाव बदलाची नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

३. आरक्षित प्रवर्गाची सवलत घेणार असाल, तर जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र यांच्या तारखा तपासा. दिव्यांग उमेदवारांनी टक्केवारी आणि प्रकार दाखल्यावर स्पष्ट वाचता येतो का ते पाहावे.

४. छायाचित्र, स्वाक्षरी आणि मागितलेले स्वयंघोषणापत्र सांगितलेल्या आकारात तयार ठेवा. शुल्क भरल्याची पावती आणि अंतिम अर्जाची छापील प्रत दोन्ही काढा. पैसे गेले पण अर्ज ‘पूर्ण’ दिसत नाही, अशी तक्रार मुदत संपल्यावर ऐकली जात नाही.

सेवेतील शिक्षकांनी मुख्याध्यापकांना अर्ज करत असल्याचे लेखी कळवावे आणि त्या पत्रावर पोच घ्यावी. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे सीबीएसईची सीटीईटी, हादेखील मार्ग आहे, कारण पहिली ते आठवीच्या राज्यातील भरतीत तिचे प्रमाणपत्र स्वीकारले जाते. तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. मुदत डोक्यावर असलेल्यांनी एकाच परीक्षेवर सारे अवलंबून ठेवू नये, तर दोन्हींचे अर्ज भरावेत. मात्र आपल्या सेवाप्रकरणात सीटीईटी चालेल ना, हे शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देऊन आधी विचारून घ्यावे.

*तपासा:* अर्ज अंतिम करण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी तो मोठ्याने वाचायला सांगा आणि आपण मूळ प्रमाणपत्रांवर बोट ठेवून ऐका. पेपर, विकल्प, माध्यम, प्रवर्ग आणि नाव या पाच जागांवर दोनदा थांबा.

टप्पा ५: परीक्षा, उत्तरसूची आणि प्रमाणपत्र

खुल्या प्रवर्गासाठी ६० टक्के, म्हणजे १५० पैकी ९० गुण लागतात. सवलतीच्या प्रवर्गांसाठी ५५ टक्के म्हणजे ८२.५ होतात. प्रत्येक प्रश्न एका गुणाचा असल्याने ८३ हेच लक्ष्य ठेवावे, ८२ वर वाद घालण्याची वेळ आणू नये. चुकीला गुण वजा होत नसल्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये, हे सांगूनही कित्येक जण शेवटचे दहा-बारा प्रश्न सोडून येतात. अडीच तासांत दीडशे प्रश्न म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, त्यामुळे गणिताला आधी भिडून चाळीस मिनिटे घालवण्यापेक्षा ज्या घटकात हात बसला आहे तो आधी संपवावा.

उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक आणि प्रश्नपुस्तिकेचा संच कोड ही पहिली कामे आहेत. संच कोडचे वर्तुळ चुकले, तर बरोबर उत्तरेही दुसऱ्याच उत्तरसूचीने तपासली जातात. केंद्रावर ओळख पटवण्याची आणि बायोमेट्रिक नोंदीची रांग असते, म्हणून वेळेआधी पोहोचा आणि प्रवेशपत्राबरोबर मूळ ओळखपत्र ठेवा, मोबाईलमधील चित्र नव्हे.

परीक्षेनंतर परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि ठरावीक मुदतीत आक्षेप मागवते. दोन-तीन गुणांनी काठावर असलेल्यांनी ही पायरी सोडू नये. आक्षेप घेताना पाठ्यपुस्तकाचे पान किंवा प्रमाणग्रंथाचा पुरावा जोडावा, ‘हे उत्तर चुकीचे वाटते’ एवढे लिहून उपयोग होत नाही.

टीईटीचे प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांपुरते वैध होते. एनसीटीईने २०२१ मध्ये ते आजीवन वैध केले आणि २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांनाही ते लागू केले. त्यामुळे २०१३ च्या पहिल्या महाराष्ट्र टीईटीत उत्तीर्ण झालेल्यांनी पुन्हा परीक्षा देण्याची गरज नाही, मात्र गट आणि विकल्प जुळला पाहिजे. परीक्षा कितीही वेळा देता येते.

*सावधान:* २०१९-२० च्या टीईटीतील गैरप्रकारानंतर परीक्षा परिषदेने सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली, आणि त्यांत सेवेत असलेलेही होते. तेव्हापासून प्रमाणपत्रांची पडताळणी कडक झाली आहे. ‘गुण वाढवून देतो’ किंवा ‘प्रमाणपत्र मिळवून देतो’ म्हणणाऱ्याशी एक शब्दही बोलू नका. पदाबरोबर फौजदारी गुन्हाही पदरी पडतो.

सेवेतील शिक्षकाचे काम प्रमाणपत्र हाती आल्यावर संपत नाही. मूळ प्रमाणपत्र दाखवून साक्षांकित प्रत कार्यालयात द्या, सेवापुस्तकात लाल शाईने का होईना पण तारीखवार नोंद करून घ्या आणि त्या पानाची छायाप्रत घरी ठेवा. नोंद नसल्यामुळे पदोन्नतीच्या यादीतून नाव वगळले जाते आणि मग उत्तीर्ण झालेल्या शिक्षकाला आपणच उत्तीर्ण आहोत हे सिद्ध करत फिरावे लागते.

टप्पा ६: नव्या उमेदवारांसाठी टीएआयटी आणि पवित्र प्रणाली

सेवेतील शिक्षकांनी हा टप्पा सोडून पुढे जावे.

टीएआयटी २०० गुणांची असते: १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे, वेळ दोन तास. २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये ती झाली. एवढ्या अंतराने होणारी परीक्षा असल्यामुळे ‘आधी टीईटी होऊ दे, मग पाहू’ असे म्हणणे परवडत नाही. नववी ते बारावीच्या पदासाठी टीईटी लागत नाही, पण टीएआयटी लागते, हे बी.एड. आणि पदव्युत्तर उमेदवारांनी नीट लक्षात ठेवावे.

त्यानंतर शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीवर कामाचा क्रम असा असतो: नोंदणी, स्वप्रमाणपत्र पूर्ण करून प्रमाणित करणे, व्यवस्थापनांच्या जाहिराती पाहणे, पसंतीक्रम भरणे, पसंतीक्रम लॉक करणे आणि शिफारस यादीची वाट पाहणे. स्वप्रमाणपत्रात आपण जी माहिती भरतो तीच आपली पात्रता ठरवते, कारण त्यावरूनच प्रणाली आपल्याला पदे दाखवते. पदवीचा विषय चुकीचा निवडला तर ज्या पदाला आपण पात्र आहोत ते पद पडद्यावर येणारच नाही. उलट, नसलेली अर्हता भरली तर शिफारस होते आणि मूळ कागदांच्या पडताळणीत रद्द होते.

पसंतीक्रम भरून लॉक न करणे ही दरवेळी होणारी चूक आहे. लॉक न केलेले पसंतीक्रम विचारात घेतले जात नाहीत. दुसरी चूक म्हणजे घरापासून दूरचे जिल्हे ‘असू द्यात’ म्हणून वर टाकणे. शिफारस झाली की ती नाकारण्याचे परिणाम सोसावे लागतात, म्हणून जिथे रुजू होण्याची खरी तयारी आहे तोच क्रम द्यावा. मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह अशा दोन प्रकारच्या जाहिराती असतात. खाजगी संस्थेची मुलाखतीसह जागा निवडताना संस्थेची पदे मान्य आणि अनुदानित आहेत का हे आधी पाहावे.

टप्पा ७: रुजू झाल्यावर मान्यता मिळेपर्यंत

नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून असतात. १ जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिक व उच्च प्राथमिक स्तरासाठी दरमहा १६,००० रुपये, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये आहे. अनुदानित खाजगी शाळेत रुजू झाल्यानंतर संस्थेकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव जातो आणि मान्यतेनंतर वेतनाच्या ‘शालार्थ’ या संगणकीय प्रणालीत नाव समाविष्ट होते, तेव्हा कुठे शासनाकडून मानधन सुरू होते. हा प्रस्ताव संस्था पाठवेल म्हणून निर्धास्त राहू नका. प्रस्तावाच्या जावक क्रमांकाची आणि तारखेची प्रत मागून घ्या.

आपल्या फायलीत कागद याच क्रमाने लावा: शिफारस पत्र, नेमणूक आदेश, रुजू अहवाल, दहावी-बारावी-पदवीच्या गुणपत्रिका, डी.एल.एड. किंवा बी.एड.ची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, टीईटी प्रमाणपत्र, टीएआयटीचे गुणपत्रक, जातीचा दाखला व वैधता, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि नाव बदलाचे कागद. प्रत्येक प्रतीवर पान क्रमांक घाला आणि सर्वांत वर यादी लावा. कार्यालयात ‘कागद अपूर्ण’ असा शेरा मारून फाइल परत आली, तर कोणता कागद कमी आहे ते त्याच पत्रावर लिहून मागा. तोंडी सांगितलेल्या त्रुटी प्रत्येक खेपेला बदलतात, लेखी त्रुटी एकदाच पूर्ण करावी लागते.

टीईटीतून सूट मिळावी असा दावा करणाऱ्यांनीही याच पद्धतीने फाइल करावी. निवेदनात भावनेची भाषा नको. पहिल्या परिच्छेदात नेमणुकीची तारीख, पद, गट आणि निवृत्तीची तारीख लिहा, दुसऱ्यात निकालातील कोणत्या सवलतीखाली आपण येता ते लिहा आणि त्याखाली जन्मतारखेचा पुरावा, सेवापुस्तकाचे पहिले पान व वैयक्तिक मान्यतेची प्रत जोडा. निवृत्तीची तारीख ऑगस्ट-सप्टेंबर २०३० च्या आसपास येत असेल, तर पाच वर्षांचा हिशेब एका दिवसाने फिरू शकतो. अशा शिक्षकांनी कार्यालयाकडून उरलेल्या सेवेचा लेखी हिशेब घ्यावा आणि तो हाती येईपर्यंत पुढच्या टीईटीचा अर्ज भरून ठेवावा.